सारणाचा क्रोसाँ: आधी ओलावा आवरा

नाशिकला एप्रिल-मेमध्ये क्रोसाँ (लोण्याच्या पदरांचा फ्रेंच पाव) करायला घेणार असाल तर लाटणं पहाटेच उरका. बेकरीतल्या खारीला बहुधा मार्जरीन (वनस्पती तेलाचं, लोण्यासारखं) असतं, ते उन्हाळ्यात तग धरतं. लोण्याचं तसं नाही. लोणी पिठात मुरलं की पदर सुटत नाहीत, नुसता पाव होतो. पिठात लोणी ठेवून लाटताना प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रिज. फुगवताना 26 अंशांच्या वर जाऊ नका.

खरी मेख सारणात. पिठाच्या 80 ग्रॅमच्या तुकड्याला 25-30 ग्रॅम पुरे, हाव नको. पालक-पनीर भरायचं तर पालक परतून घट्ट पिळा, पनीर कुस्करा, मीठ अगदी भरताना घाला. आधी घातलं तर पाणी सुटतं. सारण गारच हवं. ओलं राहिलं तर आतले पदर कच्चे, चिकट राहतात. 200 अंशांवर 10 मिनिटं, मग 180 वर आणखी 10.

हे जड वाटलं तर पोर्तुगाल-अर्जेंटिनाची सोपी वाट धरा: भाजलेला क्रोसाँ चिरून त्यात हॅम-चीज. फ्रान्समध्ये बेशामेल सॉस (लोणी-मैदा-दुधाचा पांढरा सॉस) घालून पुन्हा भाजतात, त्याला आदल्या दिवशीचा क्रोसाँही चालतो. हॅमऐवजी परतलेलं मशरूम घ्या. मायक्रोवेव्हमध्ये मात्र गरम करू नका, वातड होतो.