सिग्नल प्रोसेसिंगमध्ये सध्या नवीन काय चाललंय, आणि शिरपूरजवळच्या गावात राहून त्यात शिरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात, विषय आवडतो, पण खरं काम सगळं बंगळुरू-हैदराबादला होतं आणि आपल्याकडे तो फक्त परीक्षेपुरता शिकवतात. मी अमळनेर तालुक्यातला, डिप्लोमाच्या मुलांना हाच विषय शिकवतो: करंट, आवाज, रेडिओलहरी मोजायच्या आणि त्यांतून हवी ती माहिती गणिताने वेगळी काढायची. वीस वर्षांपूर्वी तुमचं म्हणणं मला पटलं असतं. आता पटत नाही, आणि त्याला कारण आमच्या विहिरीवरची मोटर आहे.

आमची पाच एचपीची मोटर एका उन्हाळ्यात नीट वेग घेईना. वायंडिंगचं काम करणारे आमचे बापूमामा आले. त्यांनी अँमीटरच्या काट्याकडे जेमतेम अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाले, "काटा नाचतोय, रोटरचा बार गेलाय." उघडल्यावर तसंच निघालं. त्या रात्री मी वही काढली. पिंजरा रोटरचा (मोटरच्या फिरत्या भागाचा) बार, म्हणजे त्यातली धातूची दांडी, तुटली की मोटरच्या करंटच्या फ्रिक्वेन्सीच्या आलेखात 50 हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान शिखर उभं राहतं. ते किती दूर असेल हे स्लिपवर ठरतं, म्हणजे मोटरमधल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या किती टक्के मागे रोटर राहतो त्यावर; अंतर त्याच्या दुप्पट टक्के. स्लिप 3 टक्के असेल तर 47 आणि 53 हर्ट्झला. या दोन शिखरांमुळे करंट सेकंदाला तीन वेळा कमी-जास्त होतो, आणि तोच मामांचा नाचणारा काटा! पुस्तकातलं मॉड्युलेशन (एका लहरीची उंची दुसरीच्या तालावर कमी-जास्त होणं) इतकी वर्षं फळ्यावर शिकवलं, पण ते मला त्या दिवशी खरं समजलं.

मग मी स्वतः मोजायला लागलो. वायरभोवती अडकवायचा एक करंट ट्रान्सफॉर्मर, एक रेझिस्टर आणि साधा मायक्रोकंट्रोलर. (ट्रान्सफॉर्मरचा रेझिस्टर आधी जोडा. त्याची दुय्यम बाजू उघडी असताना वायरभोवती कधीही लावू नका, तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होतं.) सेकंदाला हजार नमुने, म्हणजे हजार वेळा मोजलेला करंट, पुष्कळ झाले. पहिल्या वेळी एका सेकंदाचं रेकॉर्डिंग घेतलं, एफएफटी काढला (कुठल्या फ्रिक्वेन्सीचा किती वाटा आहे ते दाखवणारं गणित), आणि 50 वरच्या एका जाड शिखराशिवाय काहीच दिसलं नाही. चूक सरळ होती. एका सेकंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये एक हर्ट्झपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नाहीत. मे महिना होता, विहिरीचं पाणी खोल गेलेलं, पंप कमी पाणी उचलत होता, म्हणून मोटरवरचा भार कमी आणि स्लिपही कमी. शिखरं 50 च्या अगदी कुशीत येऊन बसली होती. शिवाय ती मुख्य शिखराच्या शंभराव्या हिश्शाएवढी, म्हणजे त्याच्या पायथ्यातच बुडालेली.

रेकॉर्डिंग वीस सेकंदांचं केलं तर दुसरीच अडचण. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी 50 वर स्थिर नसते, तिला 49.90 ते 50.05 ची मुभा आहे. वीस सेकंदांत ती थोडी सरकते आणि शिखर पसरट होतं. शेवटी करंटसोबत व्होल्टेजही मोजलं, त्यावरून क्षणाक्षणाची खरी फ्रिक्वेन्सी काढली आणि नमुने त्या हिशोबाने पुन्हा बसवले. तेव्हा कुठे दोन बारीक शिखरं वर आली. हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पुरवठ्यावर बसलेल्या माणसाला इतक्या लवकर भेटत नाही. आपल्याला रात्रीच्या लाइटीच्या पाळीत तो रोज भेटतो.

आता नवीन काय ते सांगतो. माझ्या मते सगळ्यात मोठा पालट आवाजात झालाय. आधी यंत्राला एखादी भाषा ऐकायला शिकवायची तर हजारो तासांचं ध्वनिमुद्रण आणि त्याचा शब्द न् शब्द लिहिलेला मजकूर लागायचा. 2020 मध्ये वेव्ह-टू-व्हेक 2.0 नावाचं आवाज ओळखणारं मॉडेल आलं. त्यात यंत्राला 53 हजार तास नुसता आवाज दिला, मजकूर नाहीच. मधले तुकडे झाकायचे आणि तिथे काय असेल ते त्याने ओळखायचं. त्यानंतर मजकुरासह फक्त 10 मिनिटांचं इंग्रजी दिलं, तरी स्वच्छ वाचनाच्या चाचणीत शंभरात पाचेक शब्दच चुकले. माझी आजी फोनला "काय करी ऱ्हायना" म्हणाली की पडद्यावर भलतंच उमटतं. 2011 च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे 18 लाखांहून जास्त लोक आहेत, त्यातले बहुतेक अहिराणीवाले. एवढ्या माणसांच्या बोलण्याला दहा मिनिटांचा, दहा तासांचा नीट लिहिलेला साठा लागतो, आणि तो हैदराबादचा माणूस करू शकणार नाही. "शे" (आहे) कुठे आणि "शेत" (आहेत) कुठे, हे त्याच्या कानाला कसं कळणार?

दुसरीकडे, मोबाइलच्या लहरींनीच आसपासच्या वस्तूंचा ठावठिकाणा घेण्याचं काम जोरात आहे. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 6जीचा जो आराखडा ठरवला, त्यातल्या सहा मुख्य उपयोगांत हा एक आहे. त्यात माझा हात नाही, म्हणून एवढंच.

आणि ही मंडळी भेटतात कुठे? आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेची सिग्नल प्रोसेसिंग सोसायटी 1948 ची आहे. तिची सगळ्यात मोठी परिषद, आयकॅस्प, 1976 पासून भरते आणि एप्रिल 2025 मध्ये ती पहिल्यांदा भारतात, हैदराबादला भरली. अशा परिषदेत भाषणांपेक्षा पोस्टरच्या रांगांत जास्त शिकायला मिळतं. ज्याने काम केलंय तो माणूस स्वतः पोस्टरशेजारी उभा असतो, आणि तुम्ही कुठल्या कॉलेजचे हे न विचारता तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो. नोंदणी महाग असते हे खरं. पण शोधनिबंध स्वीकारला गेला तर विद्यार्थी सभासदांना प्रवासखर्चासाठी सोसायटीकडे अर्ज करता येतो. आणि वाचायला तर पैसेच लागत नाहीत: अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर 2017 पासून विद्युत अभियांत्रिकीचा वेगळा विभाग आहे, आवाजाचं आणि सिग्नलचं बरंचसं नवं काम तिथे फुकट मिळतं. मी रोज रात्री जेवणानंतर तिथली निदान शीर्षकं तरी चाळतो.

तुमच्यासाठी खरा दरवाजा मात्र सिग्नल प्रोसेसिंग कप. ही पदवीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा 2014 पासून चालते. दरवर्षी एक प्रश्न आणि त्याचा डेटा देतात, आणि अंतिम फेरीतले तीन संघ आयकॅस्पमध्ये आपलं काम मांडतात. संघात पदवीचे किमान तीन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक लागतो. तीन मित्र तुम्हाला वसतिगृहातच मिळतील. प्राध्यापकांकडे जाताना मात्र नुसती इच्छा घेऊन जाऊ नका. विहिरीवरच्या मोटरचं वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग घ्या, एफएफटीचा आलेख छापा, न समजलेल्या शिखराभोवती पेनाने गोल करा आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा. आमच्या विभागप्रमुखांनी असाच एक कागद पाहून मला प्रयोगशाळेची किल्ली दिली होती.