लेकरांच्या जर्मनची काळजी नका करू, ताई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहता, मिस्टरांना जर्मनीत काम मिळालं, मुलगी 6 वर्षांची आणि मुलगा 3 वर्षांचा. दोघांनाही वऱ्हाडीशिवाय काही येत नाही. तिथे ती रुळतील का, आणि आतापासून घरात इंग्रजी-जर्मन बोलायला लागावं का?

लेकरांची वयं वाचूनच लिहायला बसले. 2022 च्या ऑगस्टमध्ये आम्ही गेलो तेव्हा माझी पोरगी साडेसहाची होती, पोरगा सव्वातीनचा. सासर दारव्हा तालुक्यात, माहेर वाशिम जिल्ह्यात. आता श्टुटगार्टच्या उत्तरेला एका लहानशा गावात राहतो. सध्या पोळ्यासाठी सासरी आलोय आणि ओसरीवर बसून हे लिहितेय.

घरात जर्मन बोलू नका. इंग्रजीही नको. मी ती चूक केली आणि ती निस्तरायला वर्ष गेलं, म्हणून एवढं ठामपणे सांगते.

पोराला बालवाडीत, म्हणजे तिथल्या किंडरगार्टनमध्ये, जागा मिळायला पाच महिने लागले. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा हक्क तिथे 2013 पासून कायद्याने आहे, पण जागाच कमी आहेत. पोचल्याबरोबर अर्ज टाका, घर मिळायची वाट पाहू नका. जागा मिळाली की मूल दारात सोडून निघून येता येत नाही. आपल्या अंगणवाडीत पहिल्या दिवशी लेकरू रडत रडत आत जातं, खिचडी खाऊन गप्प होतं. तिथे 'आइनगेवोनुंग' म्हणून एक काळ असतो, सवय लावायचा. पहिले तीन दिवस मी पोराबरोबर आतच, एका इवल्याशा खुर्चीवर. चौथ्या दिवशी बाईंनी मला दहा मिनिटं बाहेर जायला सांगितलं. मग अर्धा तास, मग दोन तास. यात तीन-चार आठवडे सहज जातात, त्या काळात स्वतःचं दुसरं काही ठरवू नका. पोरानं माझी ओढणी सोडली नाही, तर बाईंनी ती त्याच्या कप्प्यात ठेवून दिली. हिरवी, बांधणीची. पुढचे दोन महिने तो मधेमधे कप्प्यापाशी जाऊन तिला हात लावून यायचा.

पण बोलायचा नाही. एक शब्द नाही. खेळायचा, जेवायचा, सांगितलेलं ऐकायचा, तोंड मात्र बंद. गावात दिवसभर चिवचिवणारं माझं पोट्टं चार महिने तिथे मुकं होतं. मी रात्र रात्र जागायची. मला वाटलं, आपण घरात वऱ्हाडी बोलतो म्हणून हा मागे पडतोय. म्हणून माझ्या अर्ध्याकच्च्या जर्मनमध्ये मीच त्याच्याशी बोलायला लागले. 'पाणी दे' नाही, 'वासर'. 'इकडे ये' नाही, 'कोम'. पोरीशीही तेच. नवऱ्यालाही तसंच करायला लावलं.

झालं काय, की पोरीचं घरातलं बोलणंच आटलं. शाळेतून आली की दोन शब्दांत उत्तर. आजीचा फोन आला की 'हो', 'बरं', आणि फोन माझ्या हातात. एक दिवस सासूबाई मला म्हणाल्या, "पोट्टी बोलतच नाही व माह्यासंगं. इसरली का मले?" मी काहीतरी सांगून फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

त्याच आठवड्यात किंडरगार्टनच्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मी धास्तावून गेले, पोराची तक्रार असणार म्हणून. त्यांनी विचारलं, घरी काय बोलता? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, जर्मन. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, तुम्ही ज्या भाषेत रागावता आणि लाड करता तीच बोला, जर्मन आमच्यावर सोपवा. नव्या भाषेत पडलेली लहान मुलं काही महिने गप्प राहतात, हे नेहमीचं आहे. ती आत साठवत असतात. घरची भाषा पक्की असेल तर दुसरी तिच्या आधाराने चढते. घरात मोडकंतोडकं ऐकलं तर मूल तेच मोडकंतोडकं उचलतं.

आम्ही पुन्हा आपलं बोलायला लागलो. पाचव्या महिन्यात एका पोरानं याच्या हातातला ट्रॅक्टर ओढला, आणि आमचं मुकं पोट्टं ओरडलं, "नाइन! दास इस्ट माइन्स!" नाही, हे माझं आहे. पहिलंच वाक्य, व्याकरणासकट बरोबर. मी त्याला घ्यायला गेल्यावर बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते.

पोरीचं वेगळं. ती थेट पहिलीत गेली. तिथे शाळा सक्तीची आहे, घरी शिकवतो म्हणून चालत नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात तयारीचे वर्ग असतात, त्यांना 'फोरबेराइटुंग्सक्लासे' म्हणतात. तुमच्या मुलीलाही बहुधा तिथे बसवतील. तो कमीपणा मानू नका. माझी पोरगी दीड वर्षात त्यातून बाहेर पडली.

पहिलीच्या पहिल्या दिवशी तिथलं प्रत्येक मूल हातात आपल्याएवढा कागदी शंकू घेऊन जातं. 'शुलट्युटे' म्हणतात त्याला. आत खाऊ, पेन्सिली, खेळणी. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. दोन दिवस आधी शेजारच्या आजीबाईंनी जिन्यात सहज विचारलं, शंकू तयार झाला का? माझा चेहरा पाहून त्या आत गेल्या, जाड निळा कागद घेऊन आल्या, आणि आम्ही दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तो वळला. नाहीतर माझी लेक त्या दोनशे माणसांत रिकाम्या हातानं उभी राहिली असती. तुमच्या मुलीला शाळा मिळाली की पहिली गोष्ट हीच विचारा.

या आजीबाईंचं आणखी सांगायचं आहे. त्या श्वेबिश बोलतात, म्हणजे तिथली बोली. प्रमाण जर्मन शिकून गेलेल्या माणसाला ती अर्धीही कळत नाही. त्यात प्रत्येक लहान, लाडक्या वस्तूला 'ले' लागतो. घराला 'हॉयस्ले', पोरीला 'मेडले'. एक दिवस पोरगी त्यांच्याकडून आली आणि म्हणाली, "आई, या आजी पन आपल्या आजीसारख्या 'ले' बोलतात. मले, तुले, मेडले."

हे तिच्या तोंडून ऐकणं मला किती मोठं होतं ते सांगते. त्याआधी काही महिने, दुसऱ्या शहरातल्या एका मराठी कार्यक्रमात, पोरगी 'मले पाहिजे' म्हणाली आणि दोन-तीन बाया हसल्या. एकीने तिला 'मला' म्हणायला लावलं, तीनदा. त्यानंतर पोरगी परक्या मराठी माणसांसमोर बोलेनाशी झाली. जर्मन लोकांनी तिला कधी लाजवलं नव्हतं, आपल्याच माणसांनी लाजवलं. मलाही तेव्हा वाटलं की घरात 'शुद्ध' बोलावं. आणि तिथलं आमचं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य, जिथे मोठमोठ्या मोटारींचे कारखाने आहेत, त्याने 1999 पासून स्वतःची जाहिरात कशी केली माहीत आहे का? 'आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून.' सरकारी जाहिरात, मोठमोठ्या फलकांवर. नवऱ्याने कंपनीतून आल्यावर मला याचा अर्थ समजावला तेव्हापासून आमच्या घरात 'मले' आणि 'तुले' कुणी दुरुस्त केलं नाही. पुस्तकी मराठी वाचायला मी रोज अर्धा तास शिकवते, ती वेगळी गोष्ट. तीही हवीच.

आजीचा फोनही आम्ही बदलला. 'बोल, आजीला सांग, काय जेवली सांग', अशी परीक्षा घेतली की लेकरं पळतात. आता दिरांचा मुलगा इकडे फोन गोठ्यातल्या खुंटीला अडकवून ठेवतो. कुणी काही विचारत नाही. सासूबाई शेण काढतात, वासरू ढुसण्या देतं, पोरं तिकडून बघत बसतात आणि मग आपोआप ओरडतात, "आजी, ते दोरी खाऊन राह्यलं!" उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. प्राथमिक शाळा दुपारीच सुटते, त्यामुळे आपल्याकडची दिवेलागण त्यांच्या खेळायच्या वेळेत बसते. लाईन गेली तर मात्र फोन राहून जातो.

कागदांचं पटकन सांगते. जन्मदाखले आधी पाहा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद सासरच्या ग्रामपंचायतीत नसते, जिथे जन्म झाला तिथे असते. माझ्या पोरीची नोंद बारशाआधी झालेली, त्यामुळे दाखल्यावर नावाचा रकाना कोरा होता. नाव नंतर टाकता येतं, पण वेळ जातो. आई-बापांच्या नावांचं स्पेलिंग दाखल्यावर आणि पासपोर्टवर एकच हवं. लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा आणि आरोग्य केंद्रातून गोवर-रुबेलाच्या दोन्ही डोसांची नोंद इंग्रजीत करून घ्या. 2020 च्या मार्चपासून तिथे गोवराच्या लसीचा पुरावा नसला तर किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळत नाही. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. ती नोंद झाली की किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज करा. 2025 मध्ये एका मुलामागे महिन्याला 255 युरो मिळत होते.

कपड्यांत आधी रबरी पावसाळी विजार आणि बूट घ्या. आपण 45 अंशांतली माणसं, थेंब पडला की लेकराला आत ओढतो. तिथे किंडरगार्टनची मुलं भर पावसात, चिखलात, थंडीत रोज बाहेर असतात. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, पोर आजारी पडेल. पडलाही. मग थांबलं.

तुमच्यासाठी एक, कारण तुम्ही स्वतःबद्दल काहीच विचारलेलं नाही. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. नवरा कामावर, लेकरं झोपलेली, आणि खिडकीबाहेर माणूस दिसत नाही. गावात दिवसभर दार उघडं असायची सवय असते आपल्याला. मला तो पहिला हिवाळा फार जड गेला, आणि आई उदास असली की लेकरं आधी ओळखतात. सरकारी भाषावर्गाला पहिल्या महिन्यातच नाव घाला. 600 तास भाषेचे आणि 100 तास तिथल्या कायद्याचे नि रीतिरिवाजांचे असतात. मी सहा महिने उशीर केला. वर्गातल्या एका सीरियन बाईशी झालेली मैत्री अजून टिकून आहे.

सणांचंही आधीच ठरवून घ्या. शाळा बुडवली तर दंड होऊ शकतो, म्हणून दिवाळीला गावी येणं विसरा. तेव्हा शाळा तरी असते किंवा जेमतेम आठवड्याची सुटी. पण आमच्या राज्यात उन्हाळी सुटी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यात बहुतेक वर्षी पोळा येतो. तिकिटं महाग असतात, तरी आम्ही एक वर्षाआड पोळ्याला येतो.

जाताना सासऱ्यांनी पोराच्या हातात लाकडी नंदी दिला होता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं दारोदार फिरवतात त्या तान्ह्या पोळ्याचा. मी म्हटलं, वजन होईल, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. तिथे पहिल्या नोव्हेंबरात सेंट मार्टिनची मिरवणूक निघाली. भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणारा तो रोमन शिपाई, त्याच्या नावाने मुलं हातानं केलेले कागदी कंदील घेऊन, गाणी म्हणत अंधारात गावभर फिरतात. पोरगी माझा हात ओढून म्हणाली, "हा या लोकायचा तान्हा पोळा होय का?" पुढच्या वर्षी आमच्या पोळ्याला आम्ही आजीबाईंचं दार वाजवलं. पोरानं नंदी पुढे केला, पोरीनं जर्मनमध्ये समजावलं की आता बोजारा द्यायचा असतो. त्यांनी नंदीला हळदकुंकू लावू दिलं आणि दोघांना दोन-दोन युरो दिले.

काल पोळा झाला, आज तान्हा पोळा. पोरगा शेजारी बसून त्याच नंदीच्या शिंगांना बेगड चिकटवतोय आणि 'आजी, डिंक दे वं' म्हणून आतमध्ये हाका मारतोय. तुमच्याकडे नंदी नसेल तर आत्ताच घेऊन ठेवा, पोळा सरला की बाजारात सापडत नाही. चाकं काढून कपड्यांत गुंडाळा आणि मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको.