'पोश्लस्त', दाढी आणि नाबोकोव्हचा खोडसाळपणा

प्रश्न असा आला आहे : कादंबरीकार नाबोकोव्ह रशियन साहित्याबद्दल लिहिताना 'पोशलोस्त' हा शब्द सतत वापरतो. त्याला मराठीत 'उथळपणा' म्हणावं की 'अश्लीलता'? आणि इंग्रजी 'पॉश'शी त्याचं काही नातं आहे का?

शेवटचं आधी. काडीचं नातं नाही. 'पॉशलस्ट' असा उच्चार करून त्याची 'पॉश लोकांची लस्ट' अशी फोड सांगणारे वक्ते ऐकून कान किटले आहेत. या पापाचा धनी मात्र खुद्द नाबोकोव्हच. रशियन लेखक गोगोलवरच्या १९४४ सालच्या पुस्तकात त्यानं या शब्दाचं रोमन स्पेलिंगच असं केलं, की इंग्रजी वाचकाला त्यात हे दोन्ही शब्द दिसावेत. ती कोटी होती. आपल्याकडे तिची व्युत्पत्ती झाली! रशियनमध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो, म्हणून पुढचा 'ओ' पातळ होतो : पोश्लस्त.

'अश्लीलता'ही नको. आजच्या रशियन बोलीत 'पोश्ली' विनोद म्हणजे चावट विनोद, हे खरं. पण साहित्यातला अर्थ तो नव्हे. चेकॉव्हच्या १८९४ च्या एका कथेतला भाषाशिक्षक मनासारखं लग्न झाल्यावर डायरीत लिहितो, की मला पोश्लस्तनं घेरलं आहे. आणि पुढे यादी कसली देतो? कंटाळवाणी माणसं, आंबट सायीची मडकी, दुधाचे घडे, झुरळं. यात अश्लील काय आहे? नाबोकोव्ह गोगोलचा एक किस्सा सांगतो : एक जर्मन तरुण प्रेयसीला भुलवायला रोज संध्याकाळी तिच्या सज्जाखालच्या तळ्यात पोहायचा, तेही खास तयार ठेवलेल्या दोन हंसांना कवटाळून. आणि पोरगी भुललीसुद्धा. जे सुंदर नाही पण सुंदर असल्याचा आव आणतं आणि त्यावर खूश असतं, ते पोश्लस्त. 'सवंगपणा' जवळचा, 'उथळपणा' लांबचा. झालं उत्तर.

आता खरी गंमत. 'पोश्लो' हे 'जाणे' या क्रियापदाचं भूतकाळी रूप : निघालं, चालू लागलं. त्यावरून 'पोश्ली' म्हणजे पूर्वापार चालत आलेलं. आपल्या जुन्या कागदपत्रांत 'पूर्वापार चालत आले आहे' म्हटलं की हक्क शाबीत. जुन्या रशियनमध्येही हा शब्द तसाच वजनदार होता. बाराव्या शतकातल्या व्सेवोलद राजाच्या नावावर असलेली नोवगोरोद या रशियन शहराची एक सनद आहे. तिच्यात 'पोश्ली व्यापारी' म्हणजे मेणाच्या व्यापाऱ्यांच्या संघाचे पक्के, पिढीजात सभासद. बाहेरच्याला हा मान हवा असेल तर पन्नास ग्रिवना (हे तिथलं जुनं वजन) चांदी मोजायची. माणसं पैसे भरून पोश्ली होत होती!

याच कुळातला 'पोश्लिना' म्हणजे जकात, शुल्क. रिवाज म्हणून द्यायची ती रक्कम. आपला 'दस्तूर' आणि त्यावरून 'दस्तुरी', अगदी तीच चाल. ('दस्तुरखुद्द'चा हल्लीचा वापर हा वेगळा संताप, तो पुन्हा कधीतरी.)

मग हा मानाचा शब्द गटारात कसा गेला? कोशकार सांगतात, हळूहळू : जुनं, मग नेहमीचं, मग सामान्य, मग हलकं. दाल या कोशकाराच्या एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कोशात जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ शेजारी नोंदलेले आहेत. पण 'हळूहळू' हे काय स्पष्टीकरण झालं? माझा तर्क सरळ रशियाचा झार पीटर द ग्रेट याच्या कात्रीकडे बोट दाखवतो. १६९८ साली युरोपातून परतल्यावर त्यानं सरदारांच्या दाढ्या उतरवल्या. ज्यांना ठेवायची होती त्यांच्यावर कर बसवला, आणि कर भरल्याचा बिल्ला दिला. १७०५ च्या तांब्याच्या बिल्ल्यावर नाक, मिशा, दाढी आणि 'पैसे घेतले' एवढाच मजकूर. १७२५ च्या चौकटी बिल्ल्यावर मात्र 'दाढीची पोश्लिना घेतली' असं कोरलेलं आहे. म्हणजे जे पोश्ली, त्यावरच पोश्लिना! पूर्वापार चालत आलेलं सगळं एका पिढीत हास्यास्पद ठरलं, तिथे शब्द तरी कसा वाचणार?

म्हणूनच नाबोकोव्हशी माझं भांडण आहे. रशिया विचार करू लागला तेव्हापासून सुजाण रशियनांना पोश्लस्तचा चिकट स्पर्श जाणवतो, असं तो ऐटीत लिहितो. तेव्हापासून? नोवगोरोदच्या व्यापाऱ्याला कुणी पोश्ली म्हटलं असतं तर त्यानं मिशीला पीळ दिला असता. स्वतःला येणाऱ्या इतर तीन युरोपीय भाषांत असा शब्दच नाही, हा त्याचा दिमाख वेगळाच.

पीटरनंतरच्या पन्नास वर्षांतलं एखादं रशियन वाक्य, ज्यात 'पोश्ली' जुन्या अर्थानं, कौतुकानं आलं आहे, कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. माझा तर्क मोडेल, मोडू दे. वाक्य मला हवंच आहे.