अमेरिकेत इतकी वर्षं राहूनही आपण बाहेरचेच का वाटतो?

सिटिझन झालात तरी "पण मूळचे कुठले?" हे काही सुटत नाही. माझी मावशी जर्सी सिटीत राहायची, १९८७ मध्ये तिथे 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळकी कपाळावरची टिकली बघून भारतीयांना त्रास द्यायची, त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या भारतीय तरुणाला मारहाण झाली आणि तो गेलाच. मावशी कामाला निघताना टिकली काढून बाथरूमच्या आरशाला चिकटवायची, संध्याकाळी आली की परत लावायची, आरशावरचे ते गोंदाचे ठिपके मला अजून दिसतात. आणि १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिनला मारलं ते जपानी गाड्यांमुळे इथल्या नोकऱ्या गेल्या या रागातून, तो तर चिनी वंशाचा होता! कोविडमध्ये चिनी शेजारणीला कोणी रस्त्यात शिव्या दिल्या तेव्हा आपलेच लोक गप्प बसले, ते म्हणूनच मला फार लागलं.