ऊर्जा प्रमाणपत्राचा खर्च: मालकाने काय विचारावे, काय मोजावे

इमारतीचे ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजे ती किती ऊर्जा वापरते हे सांगणारा कागद, काढण्यासाठी मालकाला किती पैसे मोजावे लागतात, या विषयावर मराठवाड्यातील वाचकांची पत्रे निरनिराळ्या निमित्तांनी आली आहेत. त्यांपैकी निवडक पत्रांचा आशय आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न (लातूर): माझे जुने तीन खोल्यांचे घर विकायचे ठरले आहे. मध्यस्थाचे म्हणणे असे की, २०२२च्या कायद्यानंतर ऊर्जा प्रमाणपत्राशिवाय खरेदीखत नोंदवले जात नाही. ते आणून देण्यासाठी तो पंधरा हजार रुपये मागतो. ही रक्कम वाजवी आहे का?

उत्तर: रक्कम वाजवी की अवाजवी हा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण ज्या कागदासाठी ती मागितली जात आहे तो कागद आपल्या व्यवहाराला लागत नाही. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदवताना मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, मालमत्तेचा उतारा, उभय पक्षांची ओळखपत्रे आणि साक्षीदार लागतात. ऊर्जा प्रमाणपत्र त्या यादीत नाही.

मध्यस्थ ज्या कायद्याचे नाव घेतो तो कायदा मात्र खरा आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१मधला, त्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०२३पासून लागू झाली. परंतु या कायद्याखालील इमारत संहिता मुळात नव्या आणि मोठ्या बांधकामांसाठी आहे: ज्यांचा जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांचा एकूण भार) किमान १०० किलोवॉट किंवा करारातील मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) किमान १२० केव्हीए असते, अशा इमारतींसाठी. ही मर्यादा कमी करण्याची मुभा राज्यांना आहे. तरीही जुन्या राहत्या घराच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध जोडता येत नाही. आपल्या महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो, तो पाहावा. तीन खोल्यांच्या घराचा आकडा तेथे दोन-चार किलोवॉटच्या आतबाहेर असेल. कायद्याचे नाव खरे आणि मागणी खोटी, हा प्रकार फेरफाराच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या कोणालाही नवा नाही. मध्यस्थाला एवढेच म्हणावे की, कोणत्या कलमान्वये, कोणते कार्यालय हे प्रमाणपत्र देते आणि शासकीय पावती कोणाच्या नावे मिळेल, हे लिहून द्या. बहुधा विषय तेथेच संपेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आमची जालना रस्त्यावर चार मजली कार्यालयीन इमारत आहे. दोन मजले घेऊ इच्छिणाऱ्या कंपनीने इमारतीला ‘बीईईचे स्टार’ आहेत का, अशी विचारणा केली. त्यासाठी एकूण किती खर्च येईल आणि तो मालकाने करायचा की भाडेकरूने? दोन सल्लागारांनी दिलेल्या कोटेशनमध्ये तिपटीचा फरक आहे.

उत्तर: तिपटीचा फरक पाहून एक सल्लागार लुबाडतो आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. दोघांनी दोन वेगवेगळ्या कामांचे दर दिले असण्याचा संभव अधिक आहे, आणि आपण विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या फरकातच आहे.

बीईई म्हणजे केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो. वापरात असलेल्या व्यावसायिक इमारतींना एक ते पाच तारांकित लेबल देण्याची त्याची योजना २००९पासून चालू आहे आणि ती ऐच्छिक आहे. या लेबलाचा पाया एकच आकडा असतो: वर्षभरात वापरलेली वीज भागिले बांधीव क्षेत्र. उदाहरणादाखल, दोन हजार चौरस मीटरच्या इमारतीने वर्षात महावितरणकडून २,४०,००० युनिट घेतले आणि जनरेटरवर १०,००० युनिट तयार केले, तर हा निर्देशांक चौरस मीटरमागे १२५ युनिट येतो. त्यावरून तारे ठरवताना इमारत कोणत्या हवामान विभागात आहे आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित आहे की नाही, हे पाहिले जाते.

हिशेब सोपा दिसतो. मेहनत असते ती त्याच्या दोन्ही बाजू सिद्ध करण्यात. क्षेत्रफळात पार्किंग धरायचे नसते. वरच्याच उदाहरणात कोणी तळघरातील पाचशे चौरस मीटर वाहनतळ मिळवून भागाकार केला, तर निर्देशांक १२५ऐवजी १०० येतो आणि कागदोपत्री इमारत एकदम गुणी ठरते. असा अर्ज छाननीत अडकतो, किंवा पुढे एखाद्या जाणत्या भाडेकरूने बिले मागितली की तोंडघशी पाडतो. वीजवापराच्या बाजूला आणखी एक अडचण असते. आपल्याकडे बहुतेक इमारतींत प्रत्येक गाळ्याचे मीटर भाडेकरूच्या नावावर असते आणि मालकाच्या हाती फक्त जिना, लिफ्ट व पंपाचे बिल असते. लेबल संपूर्ण इमारतीचे असल्यामुळे सर्व मीटरांची किमान एका पूर्ण वर्षाची बिले गोळा करावी लागतात, आणि एखादा भाडेकरू मधल्या काळात सोडून गेलेला असेल तर त्याच्या ग्राहक क्रमांकाचा मागही काढावा लागतो. जो सल्लागार हे काम स्वतः करणार आहे, प्रत्यक्ष मोजमाप घेणार आहे, मुख्य पॅनेलवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून वीजप्रवाह मोजणारे यंत्र) लावून बिलांचा ताळा पाहणार आहे आणि जनरेटरच्या डिझेल नोंदवहीवरून युनिट काढणार आहे, त्याचा दर अर्थातच जास्त असेल. ‘बिले व नकाशे मालकाने द्यावेत’ अशी ओळ कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत असेल, तर स्वस्ताईचे कारण तेथे सापडेल.

या कामाचा दर कायद्याने ठरलेला नाही. मालकाच्या खिशातून साधारणपणे तीन रकमा जातात: बीईईचे अर्ज व नोंदणी शुल्क, सल्लागाराची फी आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. पहिली रक्कम बीईईच्या अर्जावरूनच पडताळावी आणि थेट भरावी. ती सल्लागाराच्या एकरकमी आकड्यात मिसळू देऊ नये. जीएसटीबाबत, आपण भाड्यावर जीएसटी आकारून भरत असाल तर या फीवरील कराची वजावट मिळू शकते. त्यामुळे कोटेशनांची तुलना कर वगळून केलेली बरी. सल्लागार हा बीईईची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेला ऊर्जा लेखापरीक्षक असावा, आणि त्याचा प्रमाणपत्र क्रमांक कोटेशनवर असावा. फीचा काही हिस्सा लेबल हाती आल्यानंतरच द्यायचा, ही अट मान्य न करणाऱ्यापासून दूर राहणे इष्ट. मात्र ठरावीक तारे मिळवून देण्याची हमी देणाऱ्यापासून त्याहूनही दूर राहावे, कारण तारे बिलांवरून ठरतात आणि बिले आधीच छापली गेलेली आहेत.

खर्च कोणी करायचा, याबद्दल कायदा काही सांगत नाही. लेबल इमारतीला मिळते, त्याची मुदत पाच वर्षांची असते आणि या अवधीत भाडेकरू बदलू शकतो. म्हणून तो मालकाचा खर्च समजावा, असे आमचे मत आहे. त्या बदल्यात भाडेकराराच्या मसुद्यात एक कलम अवश्य घालावे की, भाडेकरूने दर महिन्याच्या बिलाची प्रत मालकाला द्यावी. पुढच्या खेपेला अर्धा खर्च या एका कलमाने वाचेल.

आता दुसऱ्या, तिप्पट कोटेशनकडे पुन्हा पाहावे. त्यात ‘ग्रीहा’ किंवा ‘आयजीबीसी’ असा उल्लेख असल्यास ते काम निराळे आहे. या हरित इमारत मानांकनांत विजेबरोबर पाणी, बांधकाम साहित्य, कचरा, जागेची निवड असे बरेच काही तपासले जाते, आणि शुल्कही प्रकल्पाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढते. नवे बांधकाम करणाऱ्याला त्याचा रोख मोबदला आहे: राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनाच्या श्रेणीनुसार मूळ चटई निर्देशांकावर (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते तो आकडा) ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव निर्देशांक मिळतो. आपली इमारत उभी आहे आणि भाडेकरूने फक्त स्टार विचारले आहेत. तेव्हा हा जादा खर्च करण्याचे प्रयोजन दिसत नाही.

प्रश्न (नांदेड): माझ्या मुलीने इंग्लंडमध्ये लेस्टर येथे एका शयनगृहाचा फ्लॅट घेतला असून ती तो भाड्याने देणार आहे. एजंट ऊर्जा प्रमाणपत्रासाठी १५० पौंड मागतो. तेथे ते खरोखर बंधनकारक आहे का?

उत्तर: तेथे ते बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशानंतर ही पद्धत युरोपभर आली. इंग्लंड व वेल्समध्ये ती २००७पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि ब्रिटन संघाबाहेर पडल्यावरही कायम राहिली. घर विकताना किंवा भाड्याने देताना मालकाकडे ‘ए’ ते ‘जी’ अशा श्रेणीचे प्रमाणपत्र असावे लागते. नसल्यास निवासी मिळकतीसाठी २०० पौंड दंड होऊ शकतो.

पैसे देण्यापूर्वी मुलीला एक गोष्ट करायला सांगावी. तेथील प्रमाणपत्रांची सार्वजनिक नोंदवही पत्ता टाकून विनामूल्य पाहता येते. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते आणि ते घराचे असते, मालकाचे नव्हे. त्यामुळे आधीच्या मालकाने काढलेले प्रमाणपत्र अजून मुदतीत असेल तर नव्याचा खर्चच नाही. ते नसल्यास एजंटमार्फतच काढले पाहिजे असेही बंधन नाही. शासनाने दर ठरवलेला नसून लहान घरासाठी साधारण ६० ते १२० पौंड घेतले जातात. १५० पौंडांत एजंटची दलाली धरलेली असावी. कोणताही मान्यताप्राप्त मूल्यांकनकार थेट बोलावता येतो.

तो घरी येतो तेव्हा काय घडते, हे माहीत असल्यास फायदा होतो. तो खोल्यांची मापे घेतो, खिडक्यांच्या काचा एकेरी की दुहेरी ते पाहतो, तापवण्याच्या बॉयलरचे मॉडेल टिपतो, वर माळा असल्यास तेथील उष्णतारोधक थराची जाडी मोजतो आणि प्रत्येक गोष्टीचे छायाचित्र घेतो. भिंतीच्या आत भरलेला थर मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याचा कागदोपत्री पुरावा नसेल तर सॉफ्टवेअर बांधकामाच्या काळावरून अंदाज धरते, आणि तो जुन्या घराला सहसा प्रतिकूल असतो. म्हणून आधीच्या मालकाने काही काम करून घेतले असल्यास त्याच्या पावत्या व हमीपत्रे शोधून समोर ठेवावीत; एका कागदाने श्रेणी बदलू शकते.

श्रेणीचा प्रश्न प्रमाणपत्राच्या फीपेक्षा मोठा आहे. २०१८पासून नव्या आणि २०२०पासून चालू भाडेकरारांनाही किमान ‘ई’ श्रेणी लागते. घर ‘एफ’ किंवा ‘जी’ निघाले तर मालकाने सुधारणांवर व्हॅटसह ३,५०० पौंडांपर्यंत खर्च करणे अपेक्षित आहे, आणि तेवढे करूनही श्रेणी न सुधारल्यास सवलतीची नोंद करता येते. नियम मोडून घर भाड्याने दिल्यास दंड ५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. फ्लॅटचा व्यवहार पूर्ण झालेला आहे असे पत्रावरून दिसते. अन्यथा घेण्यापूर्वीच श्रेणी पाहून किंमत पाडून मागता आली असती.

जाता जाता जर्मनीची पद्धत सांगण्याजोगी आहे. तेथे दोन प्रकारची प्रमाणपत्रे मिळतात. एक मागील तीन वर्षांच्या प्रत्यक्ष इंधन-वापरावरून काढतात आणि ते स्वस्त असते. दुसरे भिंती, छत व तापवण्याची यंत्रणा तपासून गणिताने काढतात आणि ते महाग असते. चारपर्यंत सदनिका असलेल्या, १९७७पूर्वीच्या व नंतर न सुधारलेल्या घरांना हे दुसरेच काढावे लागते. ज्या कागदामागे काम जास्त, त्याची किंमत जास्त, हे तेथे नियमातच दिसते.

प्रश्न (जालना): आमच्या गृहनिर्माण संस्थेने गच्चीवर सौर पॅनेल बसवले तर इमारतीला ऊर्जा प्रमाणपत्र आपोआप मिळेल का?

उत्तर: नाही. बीईईने निवासी इमारतींसाठी २०१९मध्ये आणलेले लेबलही ऐच्छिक आहे आणि ते मुख्यतः भिंती, छत, खिडक्या व वातानुकूलन यांवर अवलंबून असते. सौर पॅनेल बसवण्याचे कारण वेगळे आणि पुरेसे आहे: पीएम सूर्यघर योजनेत संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते. लिफ्ट आणि पंपाचे बिल कमी करायचे असेल तर तेवढे करावे, प्रमाणपत्राची वाट पाहू नये.

प्रश्न (परभणी): आमचा वाडा माळवदाचा होता. दहा वर्षांपूर्वी तो पाडून स्लॅबचे घर बांधले. उन्हाळ्यात वरच्या खोल्यांत रात्रीही बसवत नाही. ऊर्जा तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे का?

उत्तर: आपल्या घराचे दुखणे तपासणीशिवायही दिसते आहे. माळवदात लाकडी तुळयांवर हात-दीड हात मातीचा थर असे. दुपारचे ऊन तो आत येऊच देत नसे. पाच-सहा इंची उघडा स्लॅब ते ऊन दिवसभर साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिते’त छतातून होणाऱ्या उष्णतावहनाची मर्यादा १.२ वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश अशी आहे. उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. एवढे कळण्यासाठी फी देण्याची गरज नाही.

फीची रक्कम गच्चीवर खर्च करावी. आधी भेगा व ओल यांचा बंदोबस्त करून, मग पांढऱ्या परावर्तक लेपाचे दोन हात किंवा पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवावेत. साधा चुना सर्वांत स्वस्त, पण एका पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी मारण्याची तयारी हवी. नुसता पांढरा रंग ऊन परतवतो, स्लॅबचे वहन कमी करत नाही. पैशांची सोय असल्यास लेपाखाली उष्णतारोधक थर घालून घ्यावा. काम फेब्रुवारीत उरकावे. तेव्हा गच्ची कोरडी असते, लेप सावकाश वाळतो आणि उन्हाचा तडाखा सुरू होण्यापूर्वी गवंडीही मिळतो.