चारोळी कोणत्या झाडापासून मिळते?

श्रीखंडावर आणि बासुंदीत आपण घालतो ती चारोळी म्हणजे चार नावाच्या जंगली झाडाच्या बीमधला गर होय. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातले हे झाड विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या पानझडी जंगलांत आढळते. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या काळपट सालीमुळे ते चटकन ओळखू येते.

एप्रिल-मे महिन्यांत त्याला करवंदाएवढी, पिकल्यावर काळी पडणारी आंबटगोड फळे येतात. ती रात्रभर पाण्यात भिजवून, चोळून गर काढतात, आतल्या कठीण बिया उन्हात वाळवतात आणि मग जात्यावर अशा बेताने भरडतात की कवच फुटावे, पण आतला दाणा अखंड राहावा. नंतर सुपाने पाखडून टरफले वेगळी करावी लागतात. एवढ्या कष्टांमुळेच चारोळी महाग असते, आणि तो भाव मला तरी रास्त वाटतो.

खरी काळजी झाडाची आहे. घाईने कच्ची फळे ओरबाडली किंवा फळांसाठी फांद्याच तोडल्या, तर पुढच्या हंगामाचे उत्पन्न घटते आणि नवी रोपे उगवायला पक्व बी जमिनीवर उरत नाही.