तेव्हा हुकला, आता गाठलं

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

लग्नसराईनंतर तापाची पत्रं येणं नवीन नाही. या वेळी मात्र बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता : इतकी वर्षं निभावलं, आता कोविड कुठून आला? त्यातली काही पत्रं आटोपशीर करून इथे घेतली आहेत.

प्रश्न : वय ५४. दोन्ही लाटांत क्वारंटाइन सेंटरवर ड्युटी केली, घरात दोघं आजारी पडले, मला साधी शिंक आली नाही. कोविशील्डचे दोन डोस झालेत. आता अक्षय्य तृतीयेच्या लग्नाहून आलो आणि तिसऱ्या दिवशी ताप, घसा, अंग मोडून आलं. टेस्ट पॉझिटिव्ह. आताच कसा झाला? आणि पहिलाच आहे म्हणजे २०२१ सारखा जड जाईल का?
— शिक्षक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : हा तुमचा पहिलाच कोविड, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. कळलेला पहिला, एवढंच खरं. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्ताचे नमुने तपासले तेव्हा सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत कोविडच्या अँटीबॉडी निघाल्या. काहींत त्या लसीमुळे होत्या, पण लस न घेतलेल्या पुष्कळांतही होत्या, आणि आपल्याला कधी काही झालं हे त्यातल्या अनेकांच्या गावीही नव्हतं. तुम्ही त्यातलेच असू शकता. ते शोधायला आता लॅबमध्ये पैसे घालू नका. कोविशील्डनं फक्त विषाणूच्या काट्याविरुद्धच्या, म्हणजे 'एस' अँटीबॉडी बनतात. 'एन' अँटीबॉडी प्रत्यक्ष संसर्गानंच येतात. 'एन'ची तपासणी या तापाआधी केली असती तर काही कळलं असतं, यापुढे ती पॉझिटिव्ह आली तरी जुनं-नवं वेगळं करता येणार नाही. कोव्हॅक्सिनवाल्यांना तर तिचा आधीही उपयोग नव्हता. त्या लसीत अख्खा मारलेला विषाणू असतो, त्यामुळे 'एन' लसीनंही येऊ शकतात.

आताच का, याची कारणं दोन. नाक-घशातलं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन हा बदललेला प्रकार सापडल्यापासून विषाणूचा काटा इतका बदलत गेला आहे की जुन्या अँटीबॉडीला तो नीट ओळखू येत नाही. मात्र शरीराची दुसरी फळी, आठवण ठेवणाऱ्या पेशींची, बराच काळ टिकते. ती संसर्ग अडवत नाही, पण बहुतेकांत आजार फुप्फुसापर्यंत जाऊ देत नाही. २०२१ च्या लाटेतला डेल्टा हा प्रकार कोऱ्या शरीरांवर आला होता. तुमचं शरीर कोरं नाही. तेव्हा दोन-चार दिवस ताप, थुंकी गिळताना सुरी फिरावी तसा घसा, आणि नंतर दोन-तीन आठवडे रेंगाळणारा खोकला, इतपत धरून चाला.

तरी दिवस मोजा. लक्षण दिसलं तो दिवस शून्य. पाचव्या ते दहाव्या दिवसाकडे लक्ष हवं, कारण बिघडायचं असेल तर बहुधा याच काळात बिघडतं. ताप उतरून पुन्हा चढला, किंवा बोलताना वाक्य तोडावं लागलं, तर थांबू नका. ऑक्सिमीटर दिवसातून तीनदा लावा : पाच मिनिटं शांत बसून, हात गरम करून, बोट छातीच्या उंचीला धरून, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर. लग्नाची मेंदी किंवा नेलपॉलिश असलेल्या बोटावर यंत्र चुकतं. सगळीच बोटं रंगली असतील तर कानाच्या पाळीचा सेन्सर असलेलं यंत्र दवाखान्यात मिळतं. ९४ आणि वर ठीक. ९३ किंवा खाली टिकून राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. ९० च्या खाली गेला तर थेट ऑक्सिजन असलेलं रुग्णालय. सात दिवस वेगळं राहा, आणि शेवटचे तीन दिवस पॅरासिटामॉलशिवाय ताप नसेल तरच बाहेर पडा.

वय साठच्या पुढे, मधुमेह, किडनीचा आजार, चुलीच्या धुरानं किंवा विडीनं खराब झालेली छाती, कॅन्सरचे उपचार, यातलं काही असेल तर हिशेब वेगळा. अशांनी पॉझिटिव्ह आल्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर हे विषाणूविरोधी औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. ते कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या कित्येक गोळ्यांशी भांडतं, म्हणून चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या.

प्रश्न : घरी दोन किट होती. पहिल्यात फक्त 'सी'ची (कंट्रोलची) रेघ आली. दुसऱ्या दिवशी 'टी'जवळ (टेस्टच्या खुणेजवळ) इतकी फिकट रेघ दिसली की मिस्टर म्हणतात नाहीच. किट वर्षभर पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात होतं. काय समजायचं?
— परभणी

उत्तर : रेघ ठरलेल्या वेळेत दिसली असेल तर फिकट असली तरी पॉझिटिव्ह. वेळ महत्त्वाची. बहुतेक घरगुती किटमध्ये निकाल पंधराव्या मिनिटाला वाचायचा असतो, आणि विसाव्या मिनिटानंतर उमटलेली रेघ धरत नाहीत. थेंब वाळताना राखाडी ओरखडा येतो, तो फसवतो. मोबाइलवर गजर लावूनच बसा.

तुमच्या किटबद्दल खरी शंका पत्र्याची आहे. ही किटं साधारण २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. परभणीच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. उष्णतेनं पट्टीवरचं रसायन मरतं आणि खरा पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसतो. 'सी'ची रेघ आली म्हणजे किट शाबूत, असं नाही. तुमचा पहिला निगेटिव्ह त्यामुळे आला असेल, किंवा एक दिवस लवकर केल्यामुळे. ताप आल्याच दिवशीचा निगेटिव्ह कधीच शेवटचा समजू नये. ४८ तासांनी पुन्हा करावा.

स्वॅब घेताना बरेच जण नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवतात. आधी नाक शिंकरून मोकळं करा. काडी दोन ते चार सेंटिमीटर आत, हलका अडथळा लागेपर्यंत न्या, कडेला घासत पाच वेळा फिरवा, मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत. नळीत बुडवल्यावर नळी बाहेरून दाबून दहा वेळा घुसळा आणि पट्टीवर पत्रकात सांगितले तेवढेच थेंब टाका. नाकात तूप किंवा ड्रॉप घातल्यावर लगेच टेस्ट नको.

दोनदा निगेटिव्ह आणि ताप चालूच, तर डेंग्यू आणि मलेरिया तपासून घ्या. पाण्याची टाकी उघडी असलेल्या गल्लीत डेंग्यूला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही. तो नाही हे ठरेपर्यंत ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नाही.

प्रश्न : आई ६६ वर्षांची, शुगर आहे. टेस्ट पॉझिटिव्ह आली तशी मेडिकलवरून पाच-पाच गोळ्यांच्या पुड्या आणल्या. दोन दिवसांत आई उठून चालायला लागली, जेवायलाही लागली, पण शुगर ३४० निघाली. ऑक्सिजन ९७ आहे. पुड्या चालू ठेवाव्या का?
— ता. केज, जि. बीड

उत्तर : नाही. आईंना ज्या गोळीनं उठवून बसवलं, बहुधा तिनंच शुगर चढवली. पुडीतली बारीक गोळी अनेकदा स्टेरॉइड असते : डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट. ताप उतरतो, भूक लागते, तरतरी येते, आणि गावभर 'त्या मेडिकलच्या पुडीला गुण आहे' असं होतं. स्टेरॉइड कोविडमध्ये जीव वाचवतं हे खरं आहे, पण कोणाचा? ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत २०२० साली दिसलं की डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्यांना झाला. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नाही, उलट तोटा असू शकतो. ९७ ऑक्सिजन असलेल्या माणसाला ते देणं म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या शिपायांचेच हात बांधणं. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वाढले, त्यामागे चढलेली शुगर आणि बेहिशेबी स्टेरॉइड ही जोडी मोठं कारण होती.

आता करायचं ते असं. उरलेल्या पुड्या फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा. मेडिकलवाल्याकडून नावं कागदावर लिहून घ्या. दोन दिवसांचंच स्टेरॉइड सहसा लगेच बंद करता येतं. पण आईंना दम्यासाठी किंवा संधिवातासाठी आधीपासून रोजचं स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम तोडायचं नाही. शुगर नुसती उपाशीपोटी पाहू नका. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडनं दुपार-संध्याकाळची शुगर चढते आणि सकाळचा आकडा साळसूद दिसतो. जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. सलग दोनदा ३०० च्या वर आली तर त्याच दिवशी डॉक्टर. उलट्या, जोरजोरात श्वास किंवा गुंगी असेल तर आकड्याची वाट न पाहता रुग्णालय. इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी झालं म्हणून मनानं बंद करू नका. उलट डापाग्लिफ्लोझिन गटातली शुगरची गोळी खाणं-पिणं सुटलं असेल तर तात्पुरती थांबवावी लागते, ते फोनवर विचारून घ्या. त्या बुरशीच्या खुणांवर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा : एका बाजूचा गाल सुजणं, नाकातून काळपट स्राव, वरचा दात हलणं, डोळ्यामागे दुखणं किंवा एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही दिसलं तर कान-नाक-घसा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल.

पुडीत अ‍ॅझिथ्रोमायसिनही असेल. ते जंतूंवरचं औषध, कोविडच्या विषाणूला त्याचं काही नाही. आणि 'कोल्ड'ची म्हणून दिलेल्या गोळीत पॅरासिटामॉल बहुधा असतं. वरून तापाची ६५० ची वेगळी घेतली की डोस दुप्पट होतो. मोठ्या माणसाला ६५० ची एक, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. आणि तोंडानं पाणी जातंय तोवर 'ताकदीच्या' सलाईनची गरज नाही, शेजारच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

प्रश्न : दोन खोल्या, वर पत्रा. सासऱ्यांना आतल्या खोलीत ठेवलंय, खिडकीत कूलर आहे. बाहेर ४२ डिग्री. कूलरनं कोविड पसरतो म्हणून बंद करायला सांगतात. मग ते उकडून मरतील!
— जालना

उत्तर : बंद करू नका, हवेची वाट बदला. खिडकीबाहेर टांगलेला कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो, ही चांगली गोष्ट. एसी तीच हवा फिरवत राहतो, त्यापेक्षा हे बरं. अडचण अशी की ढकललेली हवा कुठून तरी बाहेर पडणार, आणि दुसरी खिडकी बंद असेल तर ती मधल्या दारातून तुमच्या खोलीत येणार. म्हणून मधलं दार लावा, खालच्या फटीत जुनं धोतर कोंबा आणि कूलरसमोरची खिडकी किंवा मागचं दार उघडं ठेवा. खात्रीसाठी मधलं दार बोटभर उघडून फटीजवळ उदबत्ती धरा : धूर तुमच्याकडे वळला तर मागची वाट आणखी मोकळी करा. कूलर खोलीच्या आतच उभा असेल तर तो आतलीच हवा घुसळतो. त्याचं तोंड तरी मधल्या दाराकडे नको. ताट द्यायला जाताना तुम्ही एन-९५ लावा, त्यांनाही मास्क लावायला सांगा. रुमाल किंवा पदर पुरत नाही.

प्रश्न : आठ दिवसांनी टेस्ट निगेटिव्ह आली. हळदीची लागवड तोंडावर आहे, पण तासभर गादीवाफ्यावर वाकलो की दुसरा दिवस झोपून जातो. टॉनिक सांगा.
— ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : टॉनिक नाही. दुसऱ्या दिवशी आडवं पाडणारं काम त्या घडीला जास्त आहे, एवढंच ते शरीर सांगतंय. तासाऐवजी वीस मिनिटं काम, तेवढीच सावलीत विश्रांती, तेही सकाळी दहाच्या आत. दोन दिवस त्रास झाला नाही तर दहा मिनिटं वाढवा. झाला तर मागच्या टप्प्यावर या. भरलेला फवारणी पंप महिनाभर दुसऱ्याच्या पाठीवर. पाण्यात मीठ-साखर हवी : लिटरभर पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. छातीत दुखणं, धडधड किंवा पायावर सूज असेल तर काम थांबवून ईसीजी काढा. खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, तर कोविडचाच म्हणून सोडून देऊ नका. थुंकीची टीबी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

प्रश्न : ताप गेला, पण फोडणीचा वास येत नाही.
— धाराशिव

उत्तर : ओमायक्रॉननंतर हे कमी झालंय, पण होतं. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. महिना उलटला तरी आला नाही तर सराव करा : लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी तेल. प्रत्येकाचा वास वीस सेकंद, मन लावून, सकाळ-संध्याकाळ, किमान तीन महिने. नाकात तेल ओतू नका. तोवर गॅसची गळती आणि आंबलेलं वरण ओळखायला घरातल्या दुसऱ्याचं नाक उसनं घ्या.